एकाच पर्यायावर खूण करा

वसमतच्या दवाखान्यात, दुपारच्या पाळीत,
फरहीन आली कागदांचा गठ्ठा घेऊन.
एम.एस्सी. नर्सिंग, दुसरं वर्ष.
वर ठळक मथळा:
नोंदणीकृत परिचारिकांची रुग्णसेवेतील सक्षमता आणि अनुभव.
प्रश्न चाळीस. वेळ वीस मिनिटं.
"नाव नाही लिहिलं तरी चालतं, सिस्टर."
मी लिहिलं. सुलोचना घनसावंत.
मस्टर सोडून नाव लिहायची वेळ
येते कुठं एरवी?

पहिले बावीस सोपे होते.
शीर सापडते का? सापडते,
सुकलेल्या लेकराचीसुद्धा, टाळूवरची, मोबाईलच्या उजेडात.
डॉक्टरांशी संवाद? होतो,
ते आले तर.
मनुष्यबळ? इथं मला हसू आलं.
पन्नास खाटांना कागदावर दोघी,
त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर.
पाच, पाच, चार, पाच,
कात्रीनं गोळ्यांची पाकिटं कापत जावीत
तशा खुणा पडत गेल्या.

तेविसावा:
रुग्णाच्या शारीरिक लक्षणांचे निरीक्षण करण्यास
आपण स्वतःला कितपत सक्षम समजता?

पेन थांबला.

फाल्गुनात आमच्याकडं हळद शिजते.
कढया पेटतात, गावंच्या गावं वाफाळतात,
बायांचे हात कोपरापर्यंत पिवळे,
नखं पिवळी,
केसपेपरवर अंगठा उठतो तोही पिवळा.
नोकरीचं माझं दुसरं साल.
कुरुंद्याहून आली ती, सातवा महिना.
"जेवण जाईना बाई, अंग मोडून आलंय."
सासू म्हणाली, "पिवळी दिसू लालीय."
रांग दारापर्यंत.
मी तिचे हात पाहिले.
म्हटलं, "हळदीचे आहेत. जा, धुऊन ये."

गेली.
हापशावर धूत बसली,
धुण्याच्या साबणानं, मग विटेच्या तुकड्यानं.
खिडकीतून दिसत होती मला:
सासू हापसायची, ती घासायची.
परत आली तेव्हा ओपीडी उठलेली.
हात पुढं करून उभी,
पाटी फुटलेल्या पोरीसारखी.
"बाई, निघंना."

मग पाहिले मी तिचे डोळे.

तेव्हा एकशेआठ नव्हती. जीप केली.
नांदेड काही लांब नाही.
जीप मालेगावहून परत फिरली.
केराबाई नाव.
रजिस्टरात 'संदर्भित' लिहिलंय,
अक्षर माझंच.

तवापासून मी सगळ्यांचीच पापणी ओढून बघते.
खोकल्याला आलेल्याची, पाय मुरगळलेल्याची,
सोबत आलेल्या मामाचीसुद्धा.
नव्या पोरी मागं हसतात:
घनसावंत बाईंचा डोळ्यांचा दवाखाना.
हसू द्या.
मागच्या हळदीत अशा तिघी सापडल्या.
तिघी घरी गेल्या, एकीनं पेढे आणले,
मी एक खाल्ला, उरलेले वाटले.
तीन वजा एक, असं मात्र
मला कधी मांडता आलं नाही.

मी तीनवर खूण केली. 'मध्यम'.
फरहीन वाकून बघत होती.
"सिस्टर, इथं सगळ्यांनी पाच दिलेत.
तुम्ही तर सगळ्यात सीनियर. सरासरी..."
"काय होतंय सरासरीला?"
अन् सांगितलं तिला, हापशापासून.
तिनं पेनाला टोपण लावलं, परत काढलं.
"हे कुठं लिहू मी?"
पानं उलटली दोघींनी.
शेवटच्या पानावर 'इतर' म्हणून होतं,
दीड ओळ.
बघत बसलो त्या दीड ओळीकडं.

तेवढ्यात बारा नंबरचा नातेवाईक ओरडला,
सलाईनमध्ये रक्त चढलं म्हणून.
उठले.
उठता उठता, सवयच ती,
फरहीनची पापणी खाली ओढली.
"फिकी आहेस गं. रोजे चालूत का?"
"नाही सिस्टर, हॉस्टेलचं जेवण."
"रक्त तपासून घे. उद्या रिपोर्ट आण.
अन् हे उरलेले सतरा प्रश्नबी."